भरमाण्णांची नवी किल्ली

भरमाण्णा मगदुमांचा फोन आला तेव्हा रुबिना मुल्ला एका गोदरेजच्या कपाटापुढे मांडी घालून बसली होती. कपाटाचं कुलूप आतून गंजलं होतं आणि कपाटाची मालकीण बाहेर रिक्षात वाट बघत होती.

"किल्ली हरवली गं," भरमाण्णा म्हणाले. "पिकअपची. तीन दिवस झाले, सगळी नर्सरी पालथी घातली."

"दुसरी असेल की घरात, अण्णा. गाडीबरोबर दोन देतात."

"दुसरी विहिरीत पडली, त्याला चार वर्षं झाली. तेव्हा म्हटलं, एक आहे की. शुक्रवारी सावंतवाडीला काजूची चारशे कलमं पोचवायची आहेत. तू उद्या येशील?"

रुबिना येते म्हणाली.

गडहिंग्लजच्या एसटी स्टँडसमोर मुल्लांचं कुलूप-किल्लीचं दुकान तिच्या वडिलांनी, बादशहाभाईंनी काढलं. त्यांनी चाळीस वर्षं कानशीनं किल्ल्या घासल्या. रुबिनानं पुण्याला जाऊन गाड्यांच्या किल्ल्यांचं प्रशिक्षण घेतलं, कंपनीचं अधिकृत पत्र भिंतीवर लावलं आणि कानस खणात गेली. आता बादशहाभाई सकाळी दुकानात येऊन खुर्चीवर बसत, ओळखीच्या माणसांशी बोलत आणि दुपारी घरी जात. त्यांचा उजवा हात मांडीवर सतत हलत असे, अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर फिरत, जणू काही गोळी वळताहेत. पार्किन्सन्स होऊन त्यांना सहा वर्षं झाली होती.

भरमाण्णा उत्तूरचे. गावाबाहेर दोन एकरांत त्यांची आंबा आणि काजूच्या कलमांची नर्सरी होती. कलम बांधायला दोन बायका येत. बाकी नवराबायको मिळून सगळं पाहत. माल मात्र भरमाण्णा स्वतः पोचवत. दुसऱ्याच्या गाडीत कलमं हादरतात, जोड सुटतो, असं त्यांचं म्हणणं होतं. आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडी आणि तिथून पुढे कुडाळपर्यंत त्यांची पांढरी विजेवर चालणारी पिकअप लोकांच्या ओळखीची होती.

*

अशा गाडीची किल्ली हरवणं पूर्वी इतकं अडचणीचं नव्हतं. रिमोटचं बटण दाबलं की रिमोट गाडीला एक सांकेतिक आकडा पाठवत असे आणि गाडी उघडत असे. पुढे चोरांनी युक्ती काढली. घरात खुंटीवर टांगलेल्या रिमोटचा क्षीण संदेश भिंतीबाहेरून पकडायचा, मोठा करायचा आणि अंगणातल्या गाडीला ऐकवायचा. गाडीला वाटे, मालकच आला. एकेका रात्रीत एकेका गावातून पाच-पाच गाड्या गेल्या, तेव्हा कंपन्यांना कळलं की किल्ली कोणती आहे हे गाडीला समजून भागत नाही, किल्ली कुणाच्या हातात आहे हेही समजायला हवं.

बोटांचे ठसे माती लागलेल्या, सोललेल्या हातांवर चालत नव्हते. मग हाताच्या थरथरीचा उपाय निघाला. कुठल्याही माणसाचा हात पूर्ण स्थिर नसतो. स्नायू आणि मेंदू यांच्यात सतत निरोपांची देवाणघेवाण चालू असते आणि त्यामुळे निरोगी हातही सेकंदाला साधारण आठ ते बारा वेळा हलतो, केसाच्या जाडीपेक्षाही कमी. डोळ्याला ते दिसत नाही. किल्लीतल्या मोहरीएवढ्या संवेदकाला मात्र दिसतं. ही थरथर किती, कोणत्या दिशेला, बटण दाबताना कशी शमते आणि सोडल्यावर कशी परत येते, याची नक्षी प्रत्येकाची वेगळी. तिला हस्तकंप म्हणू लागले.

गाडी विकत घेतानाच मालकाच्या दोन्ही हातांचा हस्तकंप गाडीच्या आत एका बंद कप्प्यात नोंदला जाई. ती नोंद कधी बदलत नसे. किल्लीतली नोंद मात्र रोज किंचित बदलत राही, कारण हातही रोज किंचित बदलतो. वय वाढतं, वजन घटतं, एखादं बोट मोडून जुळतं. कालच्या हातापेक्षा आजचा हात थोडा वेगळा असला तर किल्ली तो नवा धरून चाले. एखादं पोर रोज पाहणाऱ्याला ते वाढलेलं लक्षात येत नाही, तसंच काहीसं. नवी किल्ली करायची असली तर हात पडताळायला जुनी किल्ली नसते. तेव्हा गाडीच्या पोटातली पहिली नोंद काढावी लागते. मालकाचा एक हात तिच्याशी जुळला, की त्याच्या संमतीनं घरातल्या दुसऱ्या माणसाचीही किल्ली करता येते.

*

रुबिना बुधवारी अकराच्या सुमाराला पोचली. गाडी फणसाच्या सावलीत उभी होती आणि बाजूला काळ्या पिशव्यांतली कलमं रांगेनं मांडलेली. भरमाण्णा एका उलट्या क्रेटवर बसले. अठ्ठावन्न वर्षांचा, काटक, मिशा नीट कातरलेला माणूस. त्यांची बायको पद्माक्का चहा घेऊन आली आणि कप देऊन दाराच्या चौकटीशी उभी राहिली.

"हात गुडघ्यावर ठेवा, अण्णा. तळवा वर. ही कोरी किल्ली तळव्यावर असू दे. तीस सेकंद बोलू नका."

तीस सेकंदांनी रुबिनाच्या हातातल्या पडद्यावर अक्षरं आली : मालक जुळत नाही.

"चहा प्यायलात म्हणून असेल," ती म्हणाली. "परत करू."

परत तेच आलं. एकाच हाताचं तिसऱ्यांदा चुकलं तर गाडी चोवीस तासांसाठी बंद पडते, म्हणून ती थांबली आणि तिनं दोन्ही नक्ष्या एकावर एक ठेवून पाहिल्या. सहा वर्षांपूर्वीची निळी आणि आजची लाल. निळ्या रेषेला दहाच्या आकड्यापाशी एक बसका, रुंद उंचवटा होता, जसा सगळ्यांना असतो. लाल रेषेला तो होताच, पण त्याच्या अलीकडे, पाचापाशी, आणखी एक होता. अरुंद आणि उभा.

रुबिनानं तो उंचवटा पूर्वी पाहिलेला होता. यंत्र नवीन आलं तेव्हा सरावासाठी तिनं अब्बांच्या तळव्यावर किल्ली ठेवली होती. त्यांचा उंचवटा पडद्याच्या वर गेला होता. हा जेमतेम बोटभर होता, पण जागा तीच, सेकंदाला पाच वेळा, हात विसावलेला असताना.

तिनं भरमाण्णांच्या हाताकडे पाहिलं. काही दिसत नव्हतं. निबर, कलमाच्या चाकूचे वण पडलेला हात गुडघ्यावर निवांत पडला होता.

"काय म्हणतंय तुझं यंत्र?"

"उजवा घेत नाहीये. डावा बघू."

डावा हात पहिल्या झटक्यात जुळला. पडदा हिरवा झाला आणि प्रश्न आला : किल्ली द्यायची का? एका हाताची जुळणी नियमाला पुरेशी होती. एक बोट टेकवलं असतं तर काम संपलं असतं आणि भरमाण्णा शुक्रवारी घाट उतरले असते.

रुबिनानं पडदा बंद केला.

"कंपनीकडून मंजुरी यायला लागते, अण्णा. अडकली आहे. परवा सकाळी येते."

"परवाच शुक्रवार."

"सहाला येते. सातला निघाल तुम्ही."

ती खोटं बोलली होती आणि सफाईनं बोलली होती, याचं तिला आपल्या स्कूटरवर बसताना नवल वाटलं. चौकटीशी उभ्या असलेल्या पद्माक्कांनी रिकामा कप उचलला आणि किल्ली का झाली नाही हे विचारलंही नाही.

*

प्रशिक्षणाच्या शेवटच्या दिवशी सगळ्यांकडून एका कागदावर सह्या घेतल्या होत्या. हस्तकंपाच्या नक्षीचा अर्थ ग्राहकाला सांगायचा नाही. दुसऱ्या कुणालाही सांगायचा नाही. तुम्ही डॉक्टर नाही. त्यामागे कारण होतं. सुरुवातीच्या काळात कुठेकुठे या नोंदी विकल्या गेल्या, दारू पिणाऱ्यांची आणि आजाऱ्यांची नावं नोकरी देणाऱ्यांपर्यंत पोचली आणि माणसं कामावरून गेली. तेव्हापासून नियम कडक होता. मोडला तर अधिकृत पत्र परत घेतलं जाई.

संध्याकाळी दुकान आवरताना तिनं वडिलांना सांगितलं. नाव घेतलं नाही.

बादशहाभाई म्हणाले, "तुला आठवतं, आजार कळायच्या आधी किल्ल्या परत यायच्या?"

तिला आठवत होतं. ती तेव्हा बावीस-तेवीस वर्षांची होती. अब्बांनी घासलेल्या किल्ल्या कुलपात फिरत नसत, गिऱ्हाईकं परत येत, आणि ती चिडून म्हणे, लक्ष कुठं असतं तुमचं.

"दोन वर्षं," ते म्हणाले. "मलाही वाटलं, लक्ष नाही. म्हातारा झालो, असं वाटलं. डॉक्टरनं नाव सांगितलं त्या दिवशी रडू आलं, पण बरंही वाटलं. माझी चूक नव्हती."

"पत्र जाईल, अब्बा."

"जाईल. घराच्या कुलपांना अजून कुणी पत्र मागत नाही." त्यांनी हलणारा हात दुसऱ्या हाताखाली धरला. "किल्ली बिघडली की गिऱ्हाईक परत येतं. हा माणूस गाडी चालवतो म्हणतेस."

*

गुरुवारी दुपारी पद्माक्का एसटीनं आल्या. नेसूचं चांगलं पातळ, हातात कापडी पिशवी. दुकानात दुसरं कुणी नाही हे बघून त्या आत आल्या आणि काउंटरवर एक जुनी चंची ठेवली. चंचीच्या कप्प्यात पिकअपची किल्ली होती.

रुबिनानं किल्ली पाहिली, मग त्यांच्याकडे.

"हरवली नव्हती," पद्माक्का म्हणाल्या. "मी ठेवली."

"बसा, अक्का."

"बसायला वेळ नाही. अडीचची गाडी आहे. मी इकडं आलेय हे ह्यांना ठाऊक नाही, बँकेत जाते म्हणून सांगितलं." तरी त्या बसल्या. "तू उद्या नवी किल्ली देऊ नको. यंत्र बिघडलं म्हण. महिनाभर येत नाही म्हण."

"का?"

पद्माक्का पदराचं टोक बोटाला गुंडाळत बोलू लागल्या. गेल्या महिन्यात आंबोली उतरताना वळणावर म्हशी आडव्या आल्या. म्हशी दिसल्या, पद्माक्का ओरडल्या, भरमाण्णांनीही पाहिल्या, पण पाय ब्रेकवर जायला वेळ लागला. फार नाही, एखादा श्वास. गाडी म्हशीला टेकून थांबली. भरमाण्णा हसले आणि म्हशीवाल्याशी दोन शब्द बोलून पुढे निघाले.

"तेवढ्यावरून नाही. चालताना ह्यांचा उजवा हात हलत नाही. लाकडासारखा लटकतो. कलमांना चिठ्ठ्या लावतात ना, त्यावरचं अक्षर बारीक बारीक होत चाललंय, मुंगीसारखं. परवा शेजारच्या शेतात कोंबडखत टाकलं, आम्हाला नाक धरून चालायची पाळी, आणि हे विचारतात, कसला वास? मी विचारलं की म्हणतात, तुला काहीतरी दिसतं. दवाखान्याचं नाव काढलं की दोन दिवस जेवणावर राग. मग काय करू? एक दिवस खुंटीवरची किल्ली काढली आणि तांदळाच्या डब्यात टाकली."

"आणि ते शोधत होते."

"मीही शोधत होते. त्यांच्याबरोबर. ते गुडघ्यावर बसून एकेका पिशवीखाली हात घालत होते. मी पण घालत होते. बत्तीस वर्षांच्या संसारात इतकं खोटं मी वागले नव्हते."

रुबिनाच्या जिभेवर आजाराचं नाव आलं होतं. पण हात भरमाण्णांचा होता. तो कसा आहे हे त्यांच्या आधी दुसऱ्या कुणाला सांगणं तिला पटेना, बायकोला असलं तरी.

"अक्का, उद्या सहाला मी येणार आहे," ती म्हणाली. "मला त्यांच्याशी बोलायचंय. तुम्ही तिथंच असा. आणि ही किल्ली परत न्या."

यंत्रात काय दिसलं हे पद्माक्कांनी विचारलं नाही. चंची पिशवीत टाकली आणि अडीचची गाडी गाठायला निघाल्या.

*

शुक्रवारी सकाळी कलमं गाडीपाशी आणून ठेवलेली होती, पाणी मारून, दोरी कापून तयार. भरमाण्णांनी आंघोळ करून पांढरा शर्ट घातला होता. रुबिनानं यंत्र काढलं नाही. ती त्यांच्यासमोर दुसऱ्या क्रेटवर बसली.

"अण्णा, परवा मी खोटं बोलले. मंजुरी अडकलेली नव्हती."

"मग?"

तिनं पडदा त्यांच्यासमोर धरला. निळी रेष दाखवली, लाल दाखवली, पाचावरचा उंचवटा दाखवला. "मी डॉक्टर नाही आणि हे तुम्हाला सांगायची मला परवानगीही नाही. पण असा उंचवटा मी आमच्या अब्बांच्या हाताचा पाहिलाय. त्यांचं दुखणं तुम्हाला ठाऊक आहे. तुमचं तेच असेल असं नाही. दुसरं काही असेल, काही नसेलही. पण दाखवल्याशिवाय घाटात जाऊ नका."

भरमाण्णांनी आपला उजवा हात समोर धरला, बोटं पसरली.

"कुठं हलतोय?"

"धरलेला हात हलत नाही. मांडीवर टाकलेला हलतो. डोळ्याला अजून दिसणार नाही."

"मग सहा वर्षं जुन्या किल्लीला कसं चाललं?"

"ती रोज तुमच्याबरोबर बदलत गेली. आज कालच्यासारखाच आहे, एवढंच ती बघत होती."

मागच्या रस्त्यावरून दुधाची गाडी गेली. मग पद्माक्का दारातून पुढे आल्या आणि चंची उघडून किल्ली त्यांच्या मांडीवर ठेवली.

भरमाण्णांनी किल्ली उचलली.

"कुठं सापडली?"

"तांदळाच्या डब्यात. मीच ठेवली होती."

रुबिनाला उठून जावंसं वाटलं, पण उठणंही अवघड होतं.

"तू माझ्याबरोबर शोधत होतीस," भरमाण्णा म्हणाले.

"होय."

"त्या बोरीच्या काट्यात हात घातलास. रक्त आलं तुला."

"होय."

ते उठले आणि किल्ली घेऊन गाडीकडे गेले. पाच पावलांवर गाडीचे दिवे लागले, दाराचं कुलूप खटकन सुटलं. जुनी किल्ली त्यांना ओळखत होती. ते आत बसले, दार ओढून घेतलं, दोन्ही हात चाकावर ठेवले. गाडी चालू झाल्याचा बारीक गुणगुण आवाज आला. अडवायला कुणीही गेलं नाही. रुबिनाला पुढे होऊन काहीतरी बोलावंसं वाटलं, पण पद्माक्कांनी तिच्या दंडाला धरून ठेवलं.

काचेतून दिसत होतं, त्यांनी उजवा हात चाकावरून काढून मांडीवर टाकला आणि खाली मान घालून त्याच्याकडे बघत बसले. बराच वेळ. चार-पाच मिनिटं तरी गेली असतील.

गाडी बंद झाली. ते उतरले.

"सांगितलं असतंस तर," ते बायकोला म्हणाले आणि तिथेच थांबले. थोड्या वेळानं वाक्य दुसरीकडून पुरं केलं. "नसतो थांबलो मी. खरं आहे."

त्यांनी गवसे गावातल्या एका पिकअपवाल्याला फोन लावला आणि कलमं कशी लावायची, दोरी कुठून घ्यायची, वळणावर किती वेगानं जायचं हे इतक्या बारकाईनं सांगितलं की पलीकडचा माणूस शेवटी म्हणाला, अण्णा, तुम्हीच चला की शेजारी बसून. ते शेजारी बसून गेले. जाताना जुनी किल्ली रुबिनाच्या हातात देऊन म्हणाले, "डॉक्टरकडे जाईपर्यंत तुझ्याकडे राहू दे. घरात नको. घरात ठेवली तर मी घेईन."

*

कोल्हापूरच्या डॉक्टरांनी त्यांना चालायला लावलं, अंगठा आणि बोट टिचकी मारल्यासारखं भराभर टेकवायला लावलं, कागदावर गोल काढायला लावले. दुखणं तेच निघालं, पण अगदी सुरुवातीचं. या आजारात मेंदूतल्या काही पेशी एक रसायन तयार करायचं हळूहळू सोडून देतात. गोळ्यांनी ती कमतरता पुष्कळ दिवस भरून काढता येते. आजार थांबत नाही. तो कुणात वर्षानुवर्षं सावकाश चालतो, कुणात लवकर पावलं टाकतो, आणि तुमचा कसा चालेल हे मी आज सांगू शकत नाही, असं डॉक्टर म्हणाले. गोळ्यांनी फरक पडला तर गाडी चालवायला हरकत नाही. दर सहा महिन्यांनी तपासणी. घाट मात्र सोडा.

रुबिनानं काय केलं ते स्वतःच कंपनीला लिहून कळवलं. कुठून तरी कळण्यापेक्षा ते तिला बरं वाटलं. तीन आठवड्यांनी लेखी समज आली. पुन्हा असं झाल्यास पत्र रद्द होईल. बादशहाभाईंनी चष्मा लावून समज पूर्ण वाचली आणि पुन्हा असं होईल का, असं विचारलं. ती म्हणाली, माहीत नाही.

दोन महिन्यांनी भरमाण्णा आणि पद्माक्का दोघं दुकानात आले. भरमाण्णांच्या हातात डॉक्टरांची चिठ्ठी होती. गोळ्या लागू पडल्या होत्या. चालताना हात पुन्हा हलू लागला होता आणि कलमांच्या चिठ्ठ्यांवरचं अक्षर वाचता येत होतं. ते बादशहाभाईंच्या शेजारी बसले. दोघांनी एकमेकांना कोणती गोळी किती वाजता घेता हे विचारलं आणि उपाशीपोटी घ्यावी की नाही यावर त्यांचं थोडं वाजलंही. मग भरमाण्णा रुबिनाकडे वळले.

"ती जुनी किल्ली काढून टाक. नवी कर, आजच्या हाताची. डॉक्टरनं लिहून दिलंय. पण एक विचारायचं होतं. हिला शिकायचं बंद करता येतं का?"

"म्हणजे?"

"जुनी माझ्यामागं मागं आली. मी बिघडत गेलो, तसतशी ती समजून घेत गेली. तशी नको. आजचा हात धरून ठेवायचा. उद्या याच्यापेक्षा जास्त हलला की मला ओळखायचंच नाही."

तशी सोय यंत्रात होती. भाड्यानं गाड्या देणाऱ्यांसाठी ठेवलेली. मालक कुणी ती मागत नसे.

"करता येतं, अण्णा. पण मग दोन्ही हात जुळावे लागतात. एकदा केलं की गाडीपाशी तुमचं काही चालणार नाही. गोळी घ्यायला उशीर झाला तर उघडणार नाही. आणि हात खरंच पुढे गेला तर कायमची उघडणार नाही. मग तुम्ही मला फोन कराल, रुबिना, जरा सैल कर म्हणाल."

"म्हणेन. करू नकोस."

"डॉक्टर सांगतीलच की, कधी थांबायचं ते."

"डॉक्टर सहा महिन्यांनी भेटतो. मधल्या पाच महिन्यांत मी त्याला फसवीन. मला माझा स्वभाव माहीत आहे." ते बायकोकडे न बघता बोलत होते. "आणि हिनं सांगितलं तर मी भांडणार. पुन्हा हिला चोरी करायला लावायची नाही मला."

पद्माक्का दुकानाबाहेर, स्टँडकडे पाहत होत्या. त्यांनी पदरानं तोंड पुसलं.

किल्ली व्हायला वीस मिनिटं लागली. उजव्या हाताची तीस सेकंदं, मग डाव्याची. यंत्रानं शेवटी विचारलं : बदल स्वीकारणे कायमचे बंद करायचे का? रुबिनानं पडदा त्यांच्याकडे फिरवला आणि त्यांनी स्वतः बोट टेकवलं.

*

त्यानंतर एक वर्ष आणि आठ महिने भरमाण्णांनी गाडी चालवली. आजरा, गडहिंग्लज, निपाणी, सपाटीचे रस्ते. घाटाखालची कलमं गवसेची गाडी नेई. अधूनमधून ते दुकानात डोकावत, बादशहाभाईंजवळ बसत. गाडी उघडत नाही असा फोन दोनदा आला, दोन्ही वेळा गोळी राहिली होती.

तिसरा फोन माघ महिन्यातल्या एका सकाळी आला. रुबिना दुकान उघडून झाडत होती.

"आज नाही उघडली," भरमाण्णा म्हणाले.

"गोळी?"

"घेतली. दीड तास झाला."

"थंडी आहे, अण्णा. हात गारठला असेल. थोडं उन्हात बसा आणि परत बघा."

"काल तेच केलं. परवाही. डॉक्टरला फोन केला होता काल. तो म्हणाला, गोळी वाढवता येईल. ती वाढवेन मी. पण किल्लीला हात लावायचा नाही."

रुबिना झाडू भिंतीला टेकवून पायरीवर बसली. भरमाण्णांचा आवाज नेहमीसारखाच होता, जरासा सावकाश.

"तू ये," ते म्हणाले. "किल्ली करायची आहे."

"अण्णा, तुम्हीच म्हणाला होता..."

"माझी नाही गं. हिची. लायसन आलं परवा."

"अक्कांचं?"

"आठ महिने शिकतेय. मी शेजारी बसतो. तुला सांगू नका म्हणाली होती, नापास झाले तर लाज वाटेल म्हणून. पहिल्यांदा झालीच नापास."

मागून पद्माक्कांचा आवाज आला, ते पोरीला कशाला सांगता, म्हणून.

"निपाणीला अडीचशे कलमं आहेत, सोमवारी," भरमाण्णा म्हणाले. "सरळ रस्त्याला चांगली चालवते. रिव्हर्स घेताना आंब्याच्या रांगेत घुसते अजून. परवा तीन कलमं मोडली."

"दोन," मागून आवाज आला.

"दोन," भरमाण्णा म्हणाले. "तू शनिवारी ये. जेवायलाच ये."